लठ्ठ गुरुवार आणि कराडचा डबा

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" फोटोत असतात ते निळे मनोरे मी चालत्या गाडीतून पाहिले. समुद्र पाहिला, तोही त्याच्याकडे पाठ करून. खरं सांगायचं तर त्या मुक्कामातला जवळजवळ अख्खा आठवडा मी माझ्याच एका स्टीलच्या डब्याच्या मागावर होते. त्या नादात पोलंडपासून फिलिपिन्सपर्यंतचे पदार्थ पोटात गेले आणि त्यातलं निम्मंही अंगी लागलं नाही.

मुळात मला एका जागी बसवत नाही. नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागातून निवृत्त झाले तेव्हा ह्यांनी बजावलं होतं, "आता जरा टेक." मी काही टेकले नाही. मेघना आमची एकुलती एक, कुवेतच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिकडे गेल्यापासून तिला एकही दिवाळी घरी मिळालेली नाही. फेब्रुवारीत हवा चांगली असते म्हणून तिने मला बोलावलं आणि फोनवर एकच मागणं केलं, "आई, अनारसे आण. दुकानातले नको. तुझे."

मग काय विचारता. तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, कुटले, चाळले, गुळात मळून गोळा मुरत ठेवला. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. पीठ बिघडलं असेल तर तो तुपात हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो. ह्या खेपेला एकही हसला नाही. जाळी अशी सुरेख पडली की ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मोठा डबा भरला, शिवाय गोडा मसाला घेतला, आणि विमानतळावर मान ताठ ठेवून गेले.

खैतान

मेघनाचं घर खैतानमध्ये. इमारतीला इमारत लागलेली, खाली किराण्याची दुकानं, त्यांना तिथे बकाला म्हणतात. एका जिन्यावर मल्याळी, बंगाली, मिसरी म्हणजे इजिप्तची, आणि फिलिपिनो अशी सगळ्यांच्या फोडण्यांची खिचडी. मेघनाबरोबर राहणारी केरळची नर्स रजेवर गेली होती, म्हणून तिची खाट मला मिळाली.

मी पोचले त्याच संध्याकाळी मेघनाला रात्रपाळी होती. तिच्या वॉर्डातली हान्ना नावाची पोलिश सिस्टर तिला गाडीतून घेऊन जाते. मेघना युनिफॉर्म चढवत होती तेवढ्यात ही हान्ना मला भेटायला वर आली. पन्नाशी उलटलेली, उंच, हात भाकऱ्या थापणाऱ्या बाईसारखे रुंद. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुमची मुलगी रडत नाही, त्यामुळे पेशंट रडत नाहीत." माझं इंग्रजी पाणीपट्टीच्या नोटिशीपुरतं, पण एवढं कळलं.

आता घरी आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवायचं ही काय रीत आहे? मेघनाने घरून नेलेला माझाच छोटा डबा मी स्वयंपाकघरातून घेतला, अनारशांनी काठोकाठ भरला आणि तिच्या पिशवीत सरकवला. मेघना बाहेर आली तेव्हा पिशवी हान्नाच्या खांद्यावर होती. दोघी गेल्या आणि मी गाढ झोपले. पुढच्या आठवड्यातली ती माझी एकमेव शांत झोप.

सकाळी मेघना ड्यूटीवरून आली. मी चहा टाकला आणि मोठा डबा तिच्यापुढे उघडला. तिचा हात डब्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"आई, ही खसखस आहे?"

"मग काय रवा लावतात अनारशाला?"

"आई, इथे खसखस बॅन आहे. अफूच्या बोंडातली म्हणून ड्रगमध्ये धरतात. लोकांना एअरपोर्टवर अडकवतात." ती खुर्चीवर बसली. "तू कस्टममधून आलीस कशी?"

मी ताठ मानेने आले होते, दुसरं काय सांगणार. तिने डबा जवळ ओढून घेतला. मला वाटलं, निदान एक खाईल. ती उठली आणि एकेक अनारसा कमोडमध्ये कुस्करू लागली. मी दारात उभी राहून बघत होते. मला रडू आलं आणि रागही आला, तिचा, त्या देशाचा आणि सगळ्यात जास्त माझा. खसखस फरशीवर सांडली ती तिने ओल्या कागदाने कोपऱ्याकोपऱ्यांतून टिपली. मग तिला गोडा मसाला आठवला.

"त्यात पण घालतेस ना?"

घालते. चमचाभर, भाजून. तोही गेला.

"मीच मागवले," ती हात धूत म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं. विसरलेच मी, आई." मग तिने नळ बंद केला आणि विचारलं, "सगळे हेच होते ना?"

तेव्हा मला हान्नाची पिशवी आठवली.

मेघनाचा चेहरा उतरला. हान्नाला नेहमीची सवय, काही आलं की वॉर्डात सगळ्यांना वाटायचं. एखाद्याने काय आहे म्हणून विचारलं, एखाद्याने वर कळवलं, तर आधी हान्नाची नोकरी जाईल आणि मागोमाग मेघनाची. नुसती नोकरी गेली तर नशीब. त्यात डबा माझ्या रुखवतातला. त्यावर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि खाली 'कराड' असं ठळक कोरलेलं. चोराने घराच्या पत्त्यासकट चोरी करावी तसं मी करून बसले होते.

साल्मिया

हान्ना फोन उचलेना. मेसेज लिहायचा नाही, असा मेघनाचा हुकूम. "फोनवर तो शब्द पण नको." त्या क्षणापासून आम्ही खसखशीला 'ती' म्हणू लागलो. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी ह्यांचं नाव घेत नसे, त्यानंतर असं प्रथमच.

दुपारी टॅक्सी करून साल्मियाला हान्नाच्या घरी गेलो. समोर समुद्र, वारा गार, बायका मुलांना घेऊन फिरत होत्या. मेघना म्हणाली, "बघ आई, समुद्र." मी इमारतीच्या दाराकडे बघत होते. खाली हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार खुर्ची टाकून बसला होता, बांगलादेशचा. त्याने आम्हाला वर जाऊच दिलं नाही.

"मॅडम नहीं है. बर में गया, कॅम्प लगाने. बुधवार को आएगा."

बर म्हणजे वाळवंट. थंडीत तिथली माणसं तंबू ठोकून मुक्कामाला जातात, त्याला कश्ता म्हणतात. आपल्याकडे हुरडा पार्टी असते त्यातला प्रकार, फक्त हुरडा नाही आणि शेतही नाही. हान्ना मैत्रिणींबरोबर गेली होती आणि तिथे फोनला रेंज नव्हती.

"डब्बा लेके गयी क्या?" मी विचारलं. मेघनाने माझा दंड असा दाबला की वळ उठला.

"बहुत डब्बा था, अम्मा," हारिस म्हणाला. "खाने का ही तो डब्बा था."

परत येताना मेघनाला वाटलं, आईचा जीव रमवावा. तिने टॅक्सी फरवानियात थांबवून एका मिसरी भट्टीवर नेलं. तिथे फतीर नावाचा प्रकार करतात. कणकेचा गोळा हवेत फिरवून धोतराएवढा पातळ करतात, तूप लावून घडीवर घडी घालतात आणि भट्टीत सारतात. म्हणजे आपल्या चिरोट्याचा आडदांड भाऊ. वर मध आणि साय. एरवी मी कारागिराच्या मागे उभी राहून पाच प्रश्न विचारले असते. तिथे उभ्याउभ्या तीन घास कोंबले आणि म्हणाले, "चल."

"कुठे?"

तेही मला माहीत नव्हतं.

मुबारकिया

घरात बसले की मला डबा दिसे. वाळवंटात नाक्यावर पोलीस गाड्या थांबवतात असं मेघनाने एकदा बोलताबोलता सांगितलं होतं, ते तिने सांगायला नको होतं. तिने ड्यूटीवर जाताना म्हणावं, "आई, आराम कर," आणि मी पाठोपाठ खाली उतरून बकालापर्यंत चार फेऱ्या माराव्यात. एका फेरीला ताक आणलं, एका फेरीला उगाच काड्यापेटी, जिथे गॅस बटणावर पेटतो.

कोपऱ्यावर इराणी रोटीची भट्टी होती. सकाळी लोक रांगेत उभे राहून कढत रोट्या कागदात गुंडाळून नेत. मी रोज रांगेत उभी राही. रांगेत निदान उभं राहिल्याचं काहीतरी कारण असतं. ती रोटी तीळ लावलेली, खमंग, तव्यावरून थेट ताटात वाढल्यासारखी. आपल्याकडे घरात भाकरी होते म्हणून बाई चुलीला बांधलेली. तिथे आख्खा मोहल्ला एका भट्टीवर जेवतो आणि बाई मोकळी. घरी येऊन हे मी फोनवर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "आणि तू मोकळी होऊन काय करतेयस?" मी फोन ठेवला. त्यांना 'ती'बद्दल काही सांगितलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मेघना मला कुवेत सिटीतल्या मुबारकिया बाजारात घेऊन गेली. जुना, छपराचा बाजार, खजुरांचे डोंगर, लोणच्यांची पिंपं, मसाल्यांची पोती. मसाल्याच्या दुकानात माझे डोळे सवयीने फिरू लागले. धणे, जिरं, बडीशेप, दालचिनी, काळं लिंबू नावाचं एक वाळकं प्रकरण. सगळं होतं, एक पोतं सोडून. दुकानदार इराणकडचा, फर्डं हिंदी बोलणारा. "क्या ढूँढ रही हो, अम्मा?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं," मेघना माझ्या आधी म्हणाली.

पुढे एका टपरीवर लुगैमात तळत होते. आंबवलेल्या पिठाचे लहान गोळे तेलात टाकतात आणि खजुराच्या पाकात घोळवतात. बाहेरून कुरकुरीत, आतून पोकळ. आपले गुलगुले, पण ऐटीतले. त्याने प्लेट पुढे केली आणि वरून चिमूटभर काहीतरी भुरभुरवलं. बारीक, पांढरं. माझा घास हातातच राहिला.

"मेघना, हे वर काय आहे?"

"तीळ आहेत, आई. तीळ."

आणि मग ती हसायला लागली. पाकाने चिकट झालेले हात अंगापासून लांब धरून, बाकावर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग ती एकदम थांबली. "माझा इकामा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय," म्हणाली. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. त्यानंतर दोघींनीही लुगैमात संपवले नाहीत.

बुधवारी हान्नाचा मेसेज आला. मी आले, उद्या संध्याकाळी माझ्याकडे या, आईला आण, उद्या आमचा लठ्ठ गुरुवार आहे. डब्याबद्दल चकार शब्द नाही. मेघनाने बराच विचार करून लिहिलं, आईचा डबा तेवढा परत हवा. उत्तरादाखल एक अंगठा आला. त्या अंगठ्याचा अर्थ काय, ह्यावर आम्ही रात्रीचं जेवण होईपर्यंत वाद घातला.

लठ्ठ गुरुवार

लठ्ठ गुरुवार म्हणजे काय ते मेघनाने टॅक्सीत सांगितलं. पोलंडमध्ये ईस्टरच्या आधी मोठे उपास सुरू होतात. त्याच्या आधीच्या गुरुवारी घरातलं तूपसाखर संपवायचं म्हणून प्रत्येकाने तळलेलं गोड खायचंच. जो खाणार नाही त्याला वर्षभर अवदसा. मी कपाळाला हात लावला. माझा गुरुवारचा उपास. लग्नाआधीपासून दत्तगुरूंचा, न चुकता. त्यांच्या गुरुवारी खाल्लं नाही तर पाप आणि माझ्या गुरुवारी खाल्लं तर.

हात हलवत जायचं नाही म्हणून मी खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या. मेघनाने त्यातली वेलचीसुद्धा उजेडात धरून पाहिली.

हान्नाच्या घरी टेबल भरून गेलं होतं. एका फिलिपिनो सिस्टरने तांदळाचा गोड केक आणला होता, केळीच्या पानावर भाजलेला, थेट आपल्या पातोळ्यांच्या नात्यातला. एका मिसरी डॉक्टरीणबाईंनी रव्याचा बसबूसा आणला होता, पाकातला. बाकी सगळं हान्नाचं. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्या, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी, वर परतलेला कांदा. कडांना मुरड मात्र नाही, नुसतं काट्याने दाबलेलं, ते मला पटलं नाही. फावोर्की म्हणजे पिठाच्या पट्टीला मध्ये चीर पाडून, तिच्यातून टोक ओढून तळलेली शंकरपाळी, वर पिठीसाखर. ते पीठ लाटण्याने बडवून बडवून हलकं करतात. हान्ना म्हणाली, "माझी आजी म्हणायची, ज्याच्यावर राग असेल त्याचं नाव घेऊन बडव." आठवडाभर मला तेच लाटणं हवं होतं.

आणि मधोमध पोंच्की. मुठीएवढे तळलेले गोल वडे, कमरेला पांढरा पट्टा, आत गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरंबा. गुलकंदच की हा. एका बाजूला लांबट रोल होता, काप केलेले, आत काळपट सारण. हान्नाने त्याच्याकडे बोट दाखवून तोंड वाकडं केलं. "ह्यात खजूर आणि काळे तीळ आहेत. खरा असा नसतो." पुढे बोलली नाही. मेघनाने माझ्याकडे पाहिलं.

डबा कुठेच दिसत नव्हता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले, हात धुवायला म्हणून पुन्हा गेले. हान्ना पोंच्कीची ताटली घेऊन माझ्यामागे. "तुम्ही खाल्लं नाहीत. आज नाही खाल्लं तर वर्ष वाईट जातं."

त्या वर्षात मेघनाचा इकामा होता. बाहेर सूर्य मावळलेला. अंडं, मैदा, गुरुवार, सगळं मनातल्या मनात दत्तमहाराजांच्या पायावर घातलं आणि उपास पोंच्कीवर सोडला. गुलकंद ओठावर आला. खोटं कशाला बोलू, फार चांगला लागला.

पाहुणे पांगायला लागले तेव्हा हान्नाने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात घेतलं आणि दार लावलं. ओव्हनच्या आतून, थाळ्यांच्या मागून, तिने माझा डबा काढला. माझं नाव, ह्यांचं नाव, कराड.

"पहिला मी गाडीत खाल्ला," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी, मेघनाला सोडल्यावर. दाताखाली आल्याबरोबर कळलं. आमच्याकडे नाताळचा रोल असतो, आत नुसती हीच. घरात दळायची, सगळ्या घराला वास. इथे आल्यापासून नाही. मी गाडी कडेला घेतली, काचा वर केल्या."

"कोणाला दिले नाहीस?" मेघनाने विचारलं. "वॉर्डात, कॅम्पवर?"

"वेडी आहेस?" हान्ना म्हणाली. "कॅम्पला जायच्या आधी दारं लावून बसले आणि खाल्ले. इथे ही ठेवली तर गुन्हा, आणि फेकायची तर माझ्याच्याने झालं नसतं."

एवढा आठवडा मी जिची धास्ती घेतली होती ती बाई पहिल्याच सकाळी सगळं समजून बसली होती. मी स्टुलावर बसले.

"घरी उरलेल्यांचं काय केलंत?" हान्नाने विचारलं.

"फ्लश केले," मेघना म्हणाली.

"सगळे? तू किती खाल्लेस?"

"एकही नाही," मेघना म्हणाली.

हान्नाने तिच्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण काढलं. तळाशी कागदात एक अनारसा होता. "हा मी आजच्यासाठी ठेवला होता," म्हणाली, "रात्री, सगळे गेले की." आणि तो मेघनापुढे धरला.

"नको. तुझा आहे तो. आणि रिस्क नको, हान्ना."

हान्नाने सिंकचा नळ सोडला आणि बाजूला झाली.

मेघना सिंकवर वाकली. एका हातात अनारसा, दुसरा हात हनुवटीखाली ओंजळीसारखा धरलेला, एकही दाणा बाहेर पडू नये म्हणून. इंजेक्शन भरताना असते तेवढ्याच काळजीने तिने पहिला घास घेतला. मग तिची काळजी सुटली. भराभर खाल्ला, लहानपणी शाळेतून आल्यावर उभ्याने खायची तसा. संपल्यावर ओंजळीत पडलेली खसखस नळाखाली धरायला म्हणून तिने हात पुढे नेला, आणि मागे घेऊन चाटून टाकली.

हान्नाने डबा तीनदा घासला, पुसला आणि ती त्यात पोंच्की भरू लागली. "रिकामा परत द्यायचा नसतो," म्हणाली. मी म्हटलं, "आमच्याकडेही नाही." हे मी मराठीत म्हणाले आणि ते भाषांतर करायला मेघनाला सुचलं नाही. तिचं तोंड अजून माझ्याकडे होतं, हनुवटीला एक दाणा चिकटलेला. मी तो बोटावर टिपून घेतला आणि माझ्या जिभेवर ठेवला. मग हान्नाने नळ बंद केला.